न थांबणाऱ्या बसचं वेळापत्रक

अण्णा,

तुमचे दोन शर्ट वरच्या खोलीतल्या कपाटात अजून टांगलेले आहेत. एक आकाशी, आणि एक तो बिस्किटी, खिशावर शाईचा डाग असलेला. अश्विनी म्हणते, काढू नकोस. मीही हात लावलेला नाही, पण माझं कारण वेगळं आहे आणि ते मी तुमच्या मुलीला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. आता तरी बोलून टाकतो, नाहीतर माझं डोकं फुटेल.

जुलैमध्ये तुमच्या विमानाची जागा मिळाली होती. ती मी घालवली, आणि तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं की नंबर लागला नाही. म्हणून तुम्ही इथे राहिलात आणि इथेच गेलात. गोष्ट एवढीच आहे. मी मात्र अठरा दिवस तिच्याभोवती गोल गोल फिरतोय, आपल्या त्या मेल्या खेळातल्या बससारखा.

तुम्ही फेब्रुवारीत आलात तेव्हा विमानतळाच्या दारातच मला बजावलं होतंत. 'जावईबापू, दोन महिने. त्याच्यावर एक दिवस नाही.' आईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, मूर्तिजापूरच्या घरात तुम्ही एकटे स्वयंपाक करून खात होतात, म्हणून अश्विनीने रडून-भांडून तुम्हाला आणलं होतं. लेकीच्या घरी बाप राहत नाही, तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, हे तुमचं ठाम. आम्हाला मूल नाही. तुमच्या हिशेबाने आमचा नळ बंदच होता. मी गाडीत हसलो होतो. म्हटलं, या काळात असलं काय घेऊन बसलात, अण्णा!

तुम्ही खरंच घेऊन बसलात. अश्विनीने तुमच्यासाठी अख्खं कपाट रिकामं केलं होतं, हँगर लावले होते. तुम्ही एकही वापरला नाहीत. कपडे बॅगेतून काढायचे, धुवायचे, इस्त्री करायची, परत बॅगेत. दीड पोळीवर 'पोट भरलं'. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचं. मी डिशवॉशरचं दार उघडून उभा राहायचो आणि तुम्ही माझ्या बाजूने वळसा घालून सिंककडे जायचात. किती चिडायचो मी! पाहुण्यासारखे राहा म्हटलं तर राहायचे नाहीत, घरच्यासारखे राहा म्हटलं तर तेही नाही.

मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. एप्रिलचं विमान रद्द. बाहेर पडायचं तर आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच. क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातलं ते आमचं दोन खोल्या वर, दोन खोल्या खाली असं घर. वरच्या चिंचोळ्या खोलीत माझं ऑफिस, दुसऱ्या खोलीत तुम्ही, खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर अश्विनीचं ऑफिस, आणि आम्ही दोघं झोपायला खालच्या पुढच्या खोलीत, सोफ्यावर. तुम्ही सकाळी कॅनॉलपर्यंत चालून यायचात आणि मग दिवसभर त्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसायचात. पाठ टेकायची नाही. सामान बाजूला ठेवून गाडीची वाट बघणारा माणूस बसतो ना, तसे.

चौतीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतात तुम्ही. लाल डब्यांना यायला-जायला लावलंत, हजारो माणसांना 'येते नं, येते कशी नाही' म्हणत थोपवून धरलंत. आणि आता तुमच्या गाडीचा टाइम सांगणारा माणूस म्हणजे मी. रोज चहा झाला की साडेपाचला एकच प्रश्न. 'नंबर लागला का?' अडकलेल्या लोकांसाठी विशेष विमानं सुटत होती, त्याचा फॉर्म मी भरला होता, माझ्याच मेलवरून. रोज मी 'नाही' म्हणायचो. रोज तुम्ही 'बरं' म्हणायचात.

त्या खेळाचं मात्र सगळं पाप माझं. माझा हा नाद तुम्हाला माहीत नव्हता. जुने जपानी व्हिडिओ गेम, तेही चांगले नाहीत, मुद्दाम वाईट, डोक्यात जाणारे, अर्धवट केलेले. जपानी लोक त्यांना 'कुसोगे' म्हणतात. सभ्य भाषेत सांगायचं तर शेणखेळ. लहानपणी पुण्यात टीव्हीला लावायच्या त्या कॅसेटा मिळायच्या, त्यात असला एखादा निघायचा. सगळी पोरं शिव्या घालून सोडून द्यायची, मला तो सोडवायचा नाही. हे असं का वागतंय, हे कळेपर्यंत मला झोप यायची नाही. पुढे त्याचंच पोटापाण्याचं केलं, सॉफ्टवेअर टेस्टर झालो.

एप्रिलमध्ये एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून मी तो छत्रीवाल्याचा खेळ लावला होता. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. कामाच्या वेळी जावई खेळतोय! मी एकदम शाळेतल्या पोरासारखा उठलो आणि म्हणालो, 'काम आहे अण्णा. टेस्टिंग.' तुमचा चेहरा उजळला. 'हे काम हाय तुमचं? मंग थोडं मले द्या नं. बसून खायाची सवय नाही मले.'

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण तो चेहरा बघून नाही सांगवलं, आणि खोटं बोलायला किती सोपं असतं हे मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तुम्ही आकाशी शर्ट घालून, केस विंचरून टीव्हीसमोर हजर. हातात अश्विनीकडून मागून घेतलेली जाड वही. त्यात पट्टीने रकाने आखलेले: येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा. मी वरच्या खोलीत जाऊन तोंड दाबून हसलो, आणि मग हसू येईना.

खेळ तरी काय तो! जपानातल्या एका गावात एक छत्रीवाला आहे. छत्र्या विकून झाल्यात, त्याला घरी जायचंय. स्टॉपवर उभं राहून बस पकडायची, झालं. पण बस थांबत नाही. हात दाखवायचं बटण दाबलं की हा गृहस्थ हात न दाखवता कमरेत वाकून नमस्कार करतो, आणि त्याचा नमस्कार होईपर्यंत बस गेलेली असते. मध्येच एक म्हातारी येऊन मुळा देते. नको म्हणायची सोयच नाही. पाच मुळे झाले की छत्रीवाला ओझ्याने खाली बसतो आणि खेळ खलास. वर अकरा सेकंदांचं एक भिकार संगीत, पुन्हा पुन्हा. अश्विनी वरणाला फोडणी देताना तेच गुणगुणायला लागली होती. असल्या खेळांच्या शौकिनांचं एकमत होतं की तो पहिल्याच गावात बिघडलेला आहे, पुढे जाताच येत नाही. माझंही तेच मत होतं.

तुमचं नव्हतं. 'गाडी हाय तं थांबा बी असनच. स्टँडवर कंट्रोलर नाही, म्हनून हे हाल.' तीन आठवडे तुम्ही नुसत्या बसच्या वेळा मांडल्यात. मुळेवाली म्हातारी कधी येते तेही. साडेपाचला मी खाली आलो की तुम्ही दिवसाचा अहवाल द्यायचात आणि मी गंभीर चेहरा करून 'ऑफिसात कळवतो' म्हणायचो. एकदा तर 'साहेब खूश झाले' असंही ठोकून दिलं. पण एक झालं, अण्णा. ती वही हातात घेतलीत त्या दिवसापासून तुम्ही खुर्चीला पाठ टेकलीत. संध्याकाळी तीन पोळ्या खायला लागलात. ड्युटी करून आलेल्या माणसासारखे जेवायचात. त्या खोट्याबद्दल मला अजूनही पश्चात्ताप होत नाही, हेही आजच सांगतो.

मग मे महिन्यात भर दुपारी तुमची आरोळी. मी मीटिंग तशीच टाकून जिन्यावरून धावत खाली आलो. वाटलं, काय झालं! तुम्ही उभे, खेळाचा कंट्रोलर हातात, आणि टीव्हीवर बस थांबलेली. बस, थांबलेली! छत्रीवाला स्टॉपवर नव्हताच. तुम्ही त्याला वीसेक पावलं पुढे, दारूच्या दुकानाच्या कोपऱ्यावर नेऊन उभा केला होता.

'ड्रायव्हर कधी थांब्यावर थांबवते का?' तुम्ही म्हणालात. 'गर्दी दिसली का पुढे नेते अन् मंग थांबवते. चौतीस साल पाह्यलं मी.'

मी म्हटलं, अण्णा, हा बग आहे. थांब्याची जागा लिहिताना कुणीतरी आकडा चुकवलाय. हा प्रोग्रॅम आहे, त्यात ड्रायव्हर नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मीच बिघडलोय. 'चालवते तं कोनीतरी नं?' त्यावर आपण नऊ महिने भांडलो. जेवताना, कॅनॉलवर, भाजी निवडताना. बग की ड्रायव्हरची खोड. मी माझ्या धंद्याचं सगळं ज्ञान ओतलं, तुम्ही एका वाक्यात ते उडवलंत. ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि आता मी एकट्याने कसं मिटवू?

छत्रीवाला बसमध्ये चढला, बस गेली, पडदा काळा झाला, आणि आलं पुढचं गाव. तेच. तोच थांबा, तेच दुकान, तीच म्हातारी. फक्त आभाळ हिरवं. मी कपाळावर हात मारला. तुम्ही मात्र खो खो हसलात. 'म्हंजे मुक्कामी गाडी नाही थे. फेऱ्याच मारायच्या.' प्रत्येक गावानंतर तिथे परत पोचण्यासाठी जपानी अक्षरांची लांबलचक परवलीची ओळ यायची. ती तुम्ही एकेक चित्र काढावं तशी वहीत उतरवायचात. एक अक्षरही कधी चुकलं नाही.

आता तो मंगळवार.

जुलै होता. तुम्ही खाली ड्युटीवर, चौथ्या गावात. मी वर मीटिंगमध्ये. फोनवर मेल आला: तुमची जागा मंजूर, विमान गुरुवारी, आज संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नाहीतर जागा पुढच्या माणसाला जाईल. खालून ते अकरा सेकंदांचं संगीत ऐकू येत होतं. मी मीटिंगमध्ये काय बोललो, देव जाणे.

मी स्वतःला कारणं दिली. बहात्तर वय, साखर, दोन विमानं, मग चौदा दिवस कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत एकटं, आणि त्यानंतर रिकामं घर. ही सगळी कारणं खरी होती. ती मी तुमच्यापुढे मांडू शकलो असतो. अश्विनीपुढे मांडू शकलो असतो. तुम्ही ऐकूनही गेला असतात, कारण तुम्हाला जायचं होतं, आणि तो तुमचा हक्क होता. मांडली नाहीत, कारण खालचं एक कारण मांडण्यासारखं नव्हतं. अण्णा, मला तुम्ही हवे होतात. माझे बाबा मी सातवीत असताना गेले. त्यांनी कधी माझ्याशेजारी बसून माझा खेळ बघितला नाही, त्यात चूक काढली नाही, माझ्याशी भांडले नाहीत. साडेपाचला जिना उतरताना खाली कुणीतरी वही घेऊन थांबलंय, याची मला चटक लागली होती. लहान पोराने पाहुण्यांची चप्पल लपवावी ना, तसं मी तुमचं विमान लपवलं. आणि मी काही लहान नव्हतो.

त्या संध्याकाळी चहाला मी मुद्दाम उशिरा उतरलो. तुम्ही विचारलंत, 'नंबर लागला का?' मी म्हटलं, 'नाही.' तुम्ही माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलंत. मग म्हणालात, 'बरं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाटात दोन हँगरवर दोन शर्ट. बॅग पलंगाखाली. पाच महिने जे केलं नव्हतंत ते केलंत. अश्विनीला इतका आनंद झाला, तिने शिरा केला. मी माझी वाटी तशीच घेऊन वर ऑफिसात गेलो. मला वाटलं, झालं, माणसाने आशा सोडली. आत्तापर्यंत तुम्ही अडकलेले होतात, आता हे मान्य करून बसलात, आणि कुलूप मी घातलंय. तेव्हापासून तो बिस्किटी शर्ट दिसला की मी कपाटाचं दार लोटून द्यायचो. त्यानंतर तुम्ही रोज विचारणंही बंद केलंत. ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणखी विमानं सुटली. मी म्हणायचो, 'अण्णा, बघू का?' तुम्ही म्हणायचात, 'पाहू. आठवं गाव तं होऊ द्या.' मला वाटायचं, तुम्ही मला टोमणा मारताय.

या फेब्रुवारीत, अकराव्या गावात असताना, सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स लगेच आली. तो उंच आयरिश माणूस तुमच्यासमोर गुडघ्यावर बसून कसं वाटतंय विचारत होता. इथे सगळ्याला 'ग्रँड' म्हणतात याची तुम्ही वर्षभर टिंगल केलीत. पाऊस पडला तरी ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. आणि त्याला तुम्ही काय सांगितलंत? 'ग्रँड.' तो हसला, अश्विनीही रडता रडता हसली. आमच्या कानांवर पडलेला तुमचा शेवटचा शब्द तोच. आम्हाला हॉस्पिटलच्या आत येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. आमच्याकडे दहा नव्हतीच. आम्ही दोघं, शेजारचं जोडपं, आणि स्लायगोहून परवानगी काढून आलेला अश्विनीचा डॉक्टर मावसभाऊ. मूर्तिजापूरची मंडळी फोनवर बघत होती, मध्येच चित्र अडकायचं. त्या बाजूने कुणीतरी सारखं विचारत होतं, 'झालं का? झालं का?' अस्थी घेऊन आम्ही घरी आलो. विमानं नाहीत, म्हणून त्याही इथेच. अश्विनीने तो डबा गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलाय, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. तुम्हाला सतत थंडी वाजायची म्हणून. ती येता-जाता त्या दाराला हात लावते. मला ते बघवत नाही. तुम्ही अजूनही अडकलेलेच, अण्णा, आणि तेही माझ्यामुळे.

काल दुपारी मी टीव्ही लावला. म्हटलं, अकरावं गाव तरी पार करतो, तुमचं राहिलेलं. जपानी अक्षरांची ओळ हवी म्हणून वही उघडली. मागचं-पुढचं पान चाळताना जुलै लागला.

तुमचं अक्षर. बसच्या वेळा, मुळेवाली म्हातारी दोनदा, आणि मध्येच:

'मंगळवार. ११.४०. पडद्याच्या कोपऱ्यात जावयांच्या नावे विमानाचे पत्र दिसले. आसन मंजूर, गुरुवार. सायं. सहापर्यंत कळवणे. जावई मीटिंगमध्ये.'

लॅपटॉप माझा. त्यावर माझा मेल उघडा. टीव्हीवर, तुमच्या डोळ्यांसमोर, बसच्या शेजारी ते पत्र येऊन गेलं होतं. मी हजारो बग पकडलेला माणूस, आणि ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पुढची ओळ तुम्ही त्याच संध्याकाळची लिहिली आहे.

'५.५०. जावयांना विचारले. नंबर लागला नाही असे सांगितले.'

पाच पन्नास, अण्णा. अजून दहा मिनिटं होती. 'हे पत्र काय आहे मग?' एवढं म्हटलं असतंत तर मी तिथल्या तिथे पायांवर पडून जागा पक्की केली असती. तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत, आणि ती दहा मिनिटं जाऊ दिलीत. लेकीच्या घरी राहायचंय असं तुमच्या तोंडून कधी निघालं नसतं, म्हणून माझं खोटं तुम्हाला कामी आलं, असं समजू? की एवढ्या वयाच्या जावयाला उघडं पाडायचं नाही म्हणून तुम्ही तुमचं घर सोडलंत? दुसऱ्या सकाळी ते शर्ट टांगताना तुमच्या मनात काय होतं? मी रात्रंदिवस हेच विचारतोय, आणि सांगणारा माणूस तुम्हीच होतात.

आता ही वही घेऊन खाली जातो. अश्विनी स्वयंपाकघरात आहे, अजून तेच अकरा सेकंदांचं गाणं गुणगुणतेय. आधी तिला सगळं माझ्या तोंडाने सांगणार, ती काय बोलायची ते बोलेल, हात उगारायचा तर उगारेल. त्यानंतरच तुमचं पान दाखवणार, आधी नाही. त्या ओळीच्या आड मला लपायचं नाही. कारण शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहून ठेवलंय, आणि डेपोत करायचात तशी पूर्ण नावाची सही केली आहे:

'फेरी रद्द. प्रवाशाची तक्रार नाही.'